म्हाताऱ्यानं भूत कुणावर सोडलं?

भिवाजी गुरुजींनी इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं, त्यात गावाचं वाईट व्हावं असा त्यांचा तिळमात्र हेतू नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण त्या भादव्यात मोरखिंडीत जे घडलं त्याचं खापर काही माणसं अजूनही त्यांच्याच डोक्यावर फोडतात. गुरुजी भरे गावचे, मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास, मोरखिंडीच्या शाळेवर मास्तर. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बाहेरून एस.एस.सी.ला बसावं, इंग्रजीत पास व्हावं आणि पौडला हायस्कूल निघणार अशी जी बोलवा होती ती खरी ठरलीच, तर तिथं पँट घालून रुजू व्हावं, इतकीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

त्यासाठी त्यांनी पुण्याहून उशीएवढा जाड इंग्रजी-मराठी कोश आणला. पुस्तक मात्र आणावं लागलं नाही. ते शाळेतच होतं.

मोरखिंड म्हणजे मालेच्या पुढं, धरणाच्या पाण्याला खेटून बसलेली पन्नास घरांची वस्ती. जुनं गाव पाण्याखाली गेलं, हे वर सरकलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाचा कळस बाहेर येई आणि बायका काठावरूनच हात जोडत. शाळा एका खोलीची. मागच्या भिंतीला सागवानी कपाट, धरण बांधणाऱ्या गोऱ्या इंजिनेराच्या बंगल्यातलं. बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा हैबतराव पाटलांनी ते घेऊन शाळेला भेट दिलं होतं. डाव्या दाराआड फळ्या, त्यावर खडू, नकाशे आणि एक इंग्रजी कादंबरी. उजवं दार कुलूपबंद. त्याची किल्ली कुणाकडंच नव्हती आणि पाच वर्षांत ती कुणी शोधलीही नव्हती.

कादंबरीची पहिली पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळं ती कुणी लिहिली, नाव काय, काही पत्ता नाही. मधूनमधून कुणीतरी, बहुधा मडमेनं, पेन्सिलीनं ओळी अधोरेखित केलेल्या.

गुरुजींची पद्धत बांधकामाची होती. एकेक शब्द कोशात काढायचा, त्याचा अर्थ वहीत मांडायचा, आणि विटेवर वीट चढवल्यासारखं वाक्य उभं करायचं. तळ्याकाठचा बंगला, त्यात एक बाई, तिचा आजारी म्हातारा बाप, इथवर भिंत सरळ चढली. मग एका वाक्याशी गुरुजी दोन दिवस अडले. बाई पाहुण्यांना चहा ओतते आहे, आणि एकदम शहारते, कारण 'तिच्या थडग्यावरून कुणीतरी चालत गेलं.'

थडगं? गुरुजींनी कोश पुन्हा उघडला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'गंभीर' असा होता. 'तिच्या गंभीरावरून कुणीतरी चालत गेलं.' जमेना.

"बाईला थडगं हाय म्हंजी बाई मेलेली हाय," रत्नाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. नवऱ्याच्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण तर्क चोख असे.

"अगं, ती चहा ओततेय."

"मग? मेल्यावर लोकं काय काय करत्यात. तुमी पुढचं वाचा आन् अंधार पडायच्या आत वाचा."

गुरुजींनी पुढचं वाचलं, आणि तिथंच चूक केली, कारण ते एकट्यानं वाचलं नाही. भाताची लावणी उरकलेली, कापणीला अवकाश, आणि धरणावरून येणारं धुकं दुपारीसुद्धा वीस पावलांवरचं दिसू देत नव्हतं. रिकामी माणसं शाळेच्या ओसरीवर टेकत. हैबतरावांनीच सुचवलं, "गुर्जी, सायबाच्या पुस्तकात काय हाय ते आमास्नी बी कळू द्या की."

आपल्याला कुणी इंग्रजीतलं विचारतंय, हे सुख गुरुजींना सोसलं नाही. शाळा सुटली की ते वही उघडून बसू लागले. हैबतराव, त्यांचे वडील गेणबा आबा, साळूबाई, वरच्या माळावरचा म्हसू धनगर, अशी दहा-पंधरा मंडळी घोंगड्या पांघरून जमत. पितृपक्ष लागलेला. पानं ठेवून हाका मारल्या तरी कावळे धुक्यात दिसत नव्हते, नुसते ओरडत.

"'तिच्या ओठांवर हसण्याचं भूत उमटलं,'" गुरुजी वाचत.

"हसन्याचं येगळं भूत असतं?" म्हसूनं विचारलं.

"इंग्रजांच्यात असतं," गुरुजी म्हणाले. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"'तिचा चुलतभाऊ मेलेल्या माणसांच्या वहाणांची वाट बघत होता.'"

धुक्यातून पाण्याचा लपलप आवाज येत होता. मेलेल्यांच्या वहाणा तळ्याकाठच्या बंगल्यापर्यंत कुठून चालत येणार, हे मोरखिंडीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साळूबाईनं आपले पाय घोंगडीखाली ओढून घेतले.

आणि मग बारावं प्रकरण आलं. म्हातारा बाप अंथरुणावर पडून आहे, डॉक्टर उशाशी आहे, खिडकीबाहेर तळं आहे, आणि 'पहाटे म्हाताऱ्यानं भूत सोडलं.'

"कुनावर?" साळूबाईनं विचारलं.

रास्त प्रश्न होता. भूत सोडायचं म्हणजे कुणावर तरी सोडायचं, उगाच हवेत कोण सोडतं? गुरुजींनी पुढचं पान चाळलं. पुढं प्रेतयात्रा होती, वकील होता, मृत्युपत्र होतं, भुताचा मागमूस नव्हता.

"लिहिलेलं नाही."

"सोडलं आन् कुनावर ते सांगितलंच न्हाई?" हैबतराव अस्वस्थ झाले. "मग त्ये अजून मोकळंच हाय की."

त्या दिवशी माणसं घरी जाताना एकमेकांचे खांदे धरून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ओसरीवर पंधराच्या जागी तीस होती. भीती ही गोष्ट मोरखिंडीत नाटक-तमाशापेक्षा स्वस्त पडे.

गुरुजींनी घसा साफ केला. आजची ओळ पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलेली होती. चुलतभाऊ बाईला विचारतो, तू माझ्यापासून काय लपवतेस? आणि बाई म्हणते, "'आमच्या कपाटात सांगाडा आहे.'"

कुणी सांगितलं नव्हतं, तरी तीसही माथी एकदम वळली. उघड्या दारातून मागच्या भिंतीचं कपाट दिसत होतं. उजवं दार. कुलूप.

आणि कपाट 'कट्' असं वाजलं.

लाकूड ओल धरतं, फुगतं, वाजतं, हे गुरुजींना ठाऊक होतं. पण त्या क्षणी ठाऊक असलेली कुठलीच गोष्ट त्यांच्या मदतीला आली नाही. सगळ्यांत आधी उठले गेणबा आबा. सत्तरीचा ताठ म्हातारा, पण चेहरा राखेसारखा झालेला. धरणाच्या सत्याग्रहात सहा महिने साहेबाच्या कैदेत काढलेला हा माणूस. दर स्वातंत्र्यदिनी झेंडा त्यांच्याच हातून लागे.

"गुर्जी, त्ये पुस्तक मिटा," ते म्हणाले. "आन् त्या कपाटाला कुनी हात लावू नगा. मी सांगतो म्हनून." आणि काठी विसरून तसेच घरी गेले. संध्याकाळी त्यांना ताप भरल्याची बातमी आली.

झालं. भूत कुणावर सोडलं होतं ते गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस मुलांपैकी चारच शाळेत आली. ती चारही अशा घरची होती की घरात त्यांचा उपद्रव भुतापेक्षा जास्त. गुरुजी घरोघर फिरले. प्रत्येक घरात त्यांना मूल मिळालं नाही, सल्ला मिळाला. साळूबाईनं कपाटाच्या चारी पायांशी लिंबं ठेवायला सांगितलं. म्हसू म्हणाला, कपाट आहे तसं उचलून धरणात ढकला. त्यावर निम्मं गाव उसळलं, की खाली जुना देव आहे, त्याच्या डोक्यावर साहेबाचा सांगाडा टाकता काय? कुणी म्हणालं, सांगाडा मडमेचाच असणार, म्हणून तर तिनं ओळीखाली रेघा मारल्या. मेलेल्या बाईनं स्वतःच्या सांगाड्याखाली रेघा कशा मारल्या, असं गुरुजींनी विचारलं. "ती च्या बी ओतत हुती न्हवं?" हे उत्तर आलं.

हैबतराव व्यवहारी. ते गुरुजींना घेऊन पौडला चौकीवर गेले. हवालदारानं शांतपणे ऐकलं. सांगाडा असेल तर पंचनामा करू, म्हणाला. पण आहे की नाही हे उघडल्यावर कळणार, आणि शाळेची वस्तू फोडायची तर शाळाखात्याची परवानगी पाहिजे. गुरुजींनी खात्याला अर्ज केला. आठ दिवसांनी उलट विचारणा आली की सदर कपाट कोणत्या नोंदवहीत दाखल आहे. गुरुजींनी नोंदवही काढली. तिच्या पुठ्ठ्यावर गेली कित्येक वर्षं इंग्रजीत दोन शब्द छापलेले होते आणि गुरुजी ती वही 'डेडस्टॉक' म्हणून बेफिकीर उघडत-मिटत आले होते. आता मात्र त्यांना इंग्रजी येत होतं. 'मेलेला साठा.' गुरुजींनी वही हळूच खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

त्यानंतर त्यांनाही ते आवाज ऐकू येऊ लागले. चार मुलांना पाढे घालून ते फळ्याकडं तोंड करीत आणि पाठीमागं 'कट्' होई. मुलं पाढ्यात चुकत नसत, गुरुजी चुकत. सर्वपित्रीच्या दुपारी ते छत्री विसरली म्हणून शाळेत परतले. धुकं खिडकीतून आत शिरलेलं. आत कुणीतरी होतं. पांढरं मुंडासं, पांढरी बंडी, कपाटाच्या उजव्या दाराला कपाळ टेकवून उभं, आणि दाराशी काहीतरी पुटपुटत होतं.

गुरुजींनी ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंडातून फक्त 'नमस्कार' निघालं. शिक्षकी पेशाची सवय.

आकृती वळली. गेणबा आबा.

"किल्ली गावली का, गुर्जी?"

"नाही आबा. तुम्ही तापात..."

"कागुद कुजतो का वो, पस्तीस-छत्तीस वरसात?"

"कागद?"

"न्हाई, इचारलं आपलं." म्हातारा दाराकडं बघत राहिला. "लाकडात ओल जाती म्हंत्यात. पन ह्ये लाकूड लई चांगलं हाय. लईच चांगलं." आणि धुक्यात निघून गेले. गुरुजींना वाटलं, म्हाताऱ्याच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोललं. छत्री तिथंच राहिली.

दसऱ्याच्या आधी तपासणीला डिप्टीसाहेब आले. शेवडे नावाचे, पुण्याचे, कोट-टोपीतले बारकेसे गृहस्थ. मालेपर्यंत गाडीनं आणि पुढं चिखलातून पायी आल्यामुळं आधीच तापलेले. पटावर त्रेचाळीस, समोर चार.

"बाकीची कुठं आहेत?"

"भीतीनं घरी आहेत, साहेब."

"तुमच्या?"

"कपाटाच्या."

गुरुजींनी सगळं सांगितलं. तोवर साहेब आल्याचं कळून गाव ओसरीवर जमलेलं. शेवडेसाहेबांनी पुस्तक मागवलं, ती ओळ वाचली, वही वाचली, आणि डोळे मिटून घेतले. पोटातून एक आवाज आला. आधी गुरुजींना वाटलं, साहेबांनाही धरलं. पण ते हसत होते.

"गुरुजी, भूक लागली की तुमच्या पोटात काय ओरडतात?"

"कावळे, साहेब."

"मग ते काढायला फासेपारधी बोलावता का? इंग्रजांच्याही बोलण्यात असेच कावळे असतात. थडग्यावरून कुणी चाललं म्हणजे उगाच शहारा आला. हसण्याचं भूत म्हणजे पुसटसं हसू. मेलेल्याच्या वहाणांची वाट बघणं म्हणजे कुणी मरेल आणि त्याची जागा मिळेल म्हणून टपणं. भूत सोडलं म्हणजे म्हातारा प्राण सोडून मोकळा झाला, कुणावर काही सोडलं नाही. आणि कपाटातला सांगाडा म्हणजे घराण्यातली झाकून ठेवलेली गोष्ट. बाहेर आली तर अब्रू जाईल अशी."

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. महिनाभर घाबरलेलं गाव हसायला लागतं तेव्हा ते थांबत नाही. गुरुजी कोशाकडं बघत उभे राहिले. उशीएवढ्या त्या पुस्तकानं एकेक शब्द खरा सांगितला होता आणि सगळं मिळून त्यांना खोटं पाडलं होतं. दारामागं रत्नाबाई उभ्या होत्या. त्या मात्र हसत नव्हत्या, आणि ते गुरुजींना जास्त लागलं.

"मुलं उद्यापासून आली नाहीत तर शाळा बंद करण्याची शिफारस करीन," साहेब म्हणाले. "आणि हे कुलूप आत्ता फोडा. माझी परवानगी."

"नगा!" गेणबा आबा गर्दीतून पुढं आले. पण म्हसूनं कुऱ्हाडीच्या मागल्या, बोथट बाजूचा घाव घातलाही होता. कुलूप पडलं. दार करकरत उघडलं.

आत एक माणूस उभा होता.

पांढरा, उंच, बिनडोक्याचा. हात लोंबते. वाऱ्यानं तो किंचित हलला आणि ओसरी रिकामी झाली. शेवडेसाहेब टेबलामागं कसे गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गुरुजी तेवढे जागचे हलले नाहीत. त्याला धैर्य म्हणावं की पाय गोठणं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तो कोट होता. पितळी गुंड्यांचा, लांब पांढरा, साहेबाघरचे खानसामे घालतात तसा, खुंटीला टांगलेला. हळूहळू माणसं परतली. हैबतरावांनी काठीनं कोट ढोसला. खिशातून एक घडी केलेला कागद पडला. इंग्रजी अक्षर, काळी शाई, कालच लिहिल्यासारखी.

"ह्येच्यात आबांचं नाव असंल का वो?" हैबतराव म्हणाले. "आबा त्याच सायबाच्या कैदेत हुते."

"वाचा गुरुजी," साहेब कपडे झटकत म्हणाले. "तुमची परीक्षाच समजा."

गुरुजींनी कागद मनात वाचला. कोश लागला नाही. सोप्या इंग्रजीत लिहिलेला खानसाम्याचा दाखला होता. गेणबा, मोरखिंडीचा, माझा स्वयंपाकी होता. आणि पुढं चार-पाच वाक्यं, त्यात तसलेच कावळे ठासून भरलेले. महिन्यापूर्वी ते गुरुजींना कळले नसते. अर्ध्या तासापूर्वीही नाही. आता कळले, आणि पाठीतून शहारा गेला.

त्यांनी मान वर केली. गेणबा आबा भिंतीशी टेकले होते. काठी नव्हती, एका हातानं नातीचा, इयत्ता दुसरीतल्या रंभाचा, खांदा घट्ट धरलेला. त्यांचे डोळे कागदावर नव्हते. गुरुजींच्या ओठांवर होते.

आपली गेलेली अब्रू परत मिळवायला गुरुजींना एकच गोष्ट करायची होती. बरोबर भाषांतर.

"पहिली ओळ वाळवीनं खाल्लीय," गुरुजी म्हणाले.

शेवडेसाहेब जवळ आले, चष्मा सावरून कागदावर वाकले. ओळ धडधडीत होती. त्यांनी ती वाचली. मग खालच्याही वाचल्या. मग भिंतीशी उभ्या म्हाताऱ्याकडं बघितलं.

"हं," ते म्हणाले. "वाळवीच."

"'सगळं खोरं हत्यारं घेऊन उठलं,'" गुरुजींनी शब्दाला शब्द लावत मोठ्यानं सुरुवात केली, "'तेव्हा गेणबानं आपला कोट उलटा केला.'"

"काडून फेकला!" हैबतराव ओरडले. "इलायती कापाड असंल!"

"'सहा महिने तो माझ्या चुलीपाशी खाली पडून राहिला.'"

"धरनं धरलं! सायबाच्या चुलीम्होरं!"

"'त्याचे पाय थंड पडले होते.'"

"आगं माजी बाई," साळूबाईनं पदर डोळ्याला लावला.

"'पण माणूस आपल्या मिठाच्या मोलाचा आहे.'"

"मिठाचा सत्याग्रेव बी केला, आन् आमाला कदी बोलला न्हाई!"

साहेबांना खोकल्याची उबळ आली. ती आवरायला ते बाहेर गेले आणि गुरुजींना हाक मारली. धुकं थोडं उचललं होतं, पाणी दिसत होतं.

"कोट उलटा करणं म्हणजे काय, कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय, साहेब. बाजू बदलणं. खाली पडून राहणं म्हणजे लपून बसणं, पाय थंड पडणं म्हणजे घाबरणं, आणि मिठाच्या मोलाचा म्हणजे पगाराइतकं चोख काम करणारा."

"मग परीक्षेत आजच्यासारखं लिहू नका," साहेब म्हणाले आणि चिखलातून निघून गेले.

मुलं शाळेत आली. भूत गेलं, पण गुरुजींचं हसं काही लवकर गेलं नाही, कुणी शिंकलं तरी "गुर्जी, कुनावर सोडलं?" असं व्हायचं. गेणबा आबा चार दिवसांनी एकटेच आले.

"त्या कागदापायी लई वरसं झोप न्हवती. पोरं ल्हान हुती, गुर्जी. भ्यालो. सायबानं दाकला दिला, पन गावात आनायची छाती झाली न्हाई. कोटासंगंच ठिवून आलो." ते थांबले. "तुमाला वाचता आलं हुतं का खरं?"

"जे वाचलं तेच होतं, आबा. शब्दाला शब्द."

पण एक अडचण उरलीच. हैबतरावांना तो कागद काचेत घालायचा सोस आला. त्यांनी पुण्याहून चौकट आणली, आणि आपल्या बापानं बाजू बदलल्याचा साहेबी दाखला शाळेच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, हार घालून लावला.

गुरुजी दुसऱ्या खेपेला एस.एस.सी. झाले. पौडला हायस्कूल निघालं, तिथं पदवीधर नेमला गेला. पुढं सरकारनं खालच्या इयत्तांना इंग्रजी लावलं आणि ते शिकवायचं काम भिवाजी गुरुजींकडंच आलं. गुरुजी मुलांना नीट शिकवत, कावळ्यांसकट. आणि गेणबा आबा रोज दुपारी येऊन चौकटीखाली बसत. मुलांच्या ओठांकडं बघत.

रंभा सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मधली सुट्टी, बाहेर धुकं. गुरुजी वह्या तपासत होते. रंभा चौकटीसमोर उभी राहिली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, ओठ हलत होते, बोट काचेवरून सरकत होतं. वाळवीचं एक भोकही त्या ओळीत नव्हतं. गुरुजींच्या हातातली लेखणी थांबली. पोरगी शेवटपर्यंत गेली, परत वर आली, परत शेवटपर्यंत गेली. मग वळली.

आजोबा तिच्याकडं बघत होते.

"काय लिवलंय गं?" त्यांनी विचारलं. आवाज कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा.

रंभानं गुरुजींकडं बघितलं, मग आजोबांच्या पायांकडं. ती खाली बसली आणि त्यांच्या अंगावरची घोंगडी पायांवर ओढली.

"तुमी लई गारठ्यात पडला हुता, आबा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं बराच वेळ मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "लई गारठा हुता."